एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलाय म्हणून ‘रक्त पातळ’ म्हणतात आणि पायात गुठळी! नक्की समजायचं काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, वाचतोय बऱ्याच वर्षांपासून, लिहितोय पहिल्यांदाच. माझ्या धाकट्या बहिणीबद्दल विचारायचंय. वय २८, लग्नाला चार वर्षं झाली, सासर कराडजवळ.

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आठव्या आठवड्यात सगळं संपलं. तेव्हा सगळेच म्हणाले, असं होतं बऱ्याच जणींचं, मनाला लावून घेऊ नकोस. दुसऱ्या वेळी पंधराव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेली तर बाळाचे ठोकेच नाहीत. त्याच वेळच्या तपासण्यांमध्ये व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी) ‘वीकली रिॲक्टिव्ह’ आलं होतं आणि त्यावरून घरात जे काही झालं ते इथे लिहवत नाही. जावईबापूंचीही तपासणी केली, ती निगेटिव्ह, मग तर संशय आणखीनच वाढला. पुढची पक्की टेस्ट (टीपीएचए) तिचीही निगेटिव्ह आली पण तोवर बोलायचं ते बोलून झालं होतं.

आता दोन महिन्यांपूर्वी डावी पोटरी टम्म सुजली, आधी वाटलं चमक भरली असेल, तेल लावलं, शेकलं, चौथ्या दिवशी पाय जमिनीला टेकवेना. डॉपलर केलं तर गुडघ्याच्या मागून मांडीपर्यंत गुठळी. इंजेक्शनं दिली, मग रिव्हारोक्साबान (गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू केली. त्यानंतर पुण्याला रुमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांच्या आणि लुपससारख्या आजारांच्या डॉक्टर) पाठवलं. त्या मॅडमनी सगळे जुने कागद काढायला लावले तर त्यात असं निघालं की गुठळीच्या कितीतरी आधी, कुठलंही औषध चालू नसताना, एपीटीटी ५८ सेकंद होता (कंट्रोल ३०) आणि प्लेटलेट ९२ हजार. त्या वेळच्या दवाखान्यात त्यावर ‘रक्तस्रावाची प्रवृत्ती’ असं लिहून ठेवलं होतं आणि गायनॅकने दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी बंद करायला लावली होती!

आत्ताचे रिपोर्ट : लुपस अँटीकोॲग्युलंट पॉझिटिव्ह, कार्डिओलिपिन आयजीजी ८६, बीटा टू ग्लायकोप्रोटीनही बरंच वर, एएनए (लुपससाठीची पहिली टेस्ट) १:३२०. मॅडम म्हणाल्या अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (एपीएस, रक्तातल्या अँटीबॉडीजमुळे गुठळ्या होणारा आजार) वाटतोय, त्याच्या तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आहेत, लुपसही (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असू शकतो. रिव्हारोक्साबान बदलून वॉरफरिन (तीही गुठळी होऊ न देणारी गोळी) आणि तिचा डोस ठरवायला आयएनआरची रक्ततपासणी, जोडीला एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन). १२ आठवड्यांनी परत टेस्ट.

आता घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात एका डॉक्टरने रक्त पातळ सांगितलं, दुसरी पातळ करायची गोळी देतेय, मुलीला मारायचंय का. मामा गुलवेलीचा काढा घेऊन आलेत. मला खरंच कळत नाहीये, रक्त पातळ आहे की घट्ट? आणि तिला मूल होईल का हे ती रोज विचारते, मी काय सांगू?

---

सुमेधा

दादा, तुमची पोस्ट वाचून हात थरथरले, कारण यातलं अर्धं मी जगले आहे. मला एपीएस आहे, निदान होऊन नऊ वर्षं झाली. तीन गर्भ गेले आणि मग कळलं. तुमच्या बहिणीला सगळ्यात आधी हे सांगा की तिच्या हातून काहीही चुकलेलं नाही. ना जिने चढल्यामुळे झालं ना पपई खाल्ल्यामुळे. वारेत रक्तपुरवठा नीट होत नाही, वार कमजोर पडते, बाळाला मिळायला पाहिजे ते मिळत नाही.

आणि मूल? माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. ३६व्या आठवड्यात झाला, दोन किलो तीनशे. पूर्ण गरोदरपणभर ॲस्पिरिन ७५ आणि एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन. मी स्वतःच टोचायचे पोटाला, बेंबीपासून दोन बोटं सोडून, कातडी चिमटीत उचलून धरायची आणि सुई सरळ आत. पहिल्या दिवशी नवऱ्याने सिरिंज धरली आणि त्यालाच घाम फुटला, म्हणून मी घेतली हातात. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, टोचल्यावर चोळायचं नाही, चोळलं की हे एवढं काळंनिळं होतं. रोज बाजू बदलायची. सातव्या महिन्यात पोट ताणलं तरी तसंच घेतलं.

पण एक फार महत्त्वाचं. वॉरफरिन चालू असताना दिवस राहिले तर ती गोळी बाळाला घातक, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सगळ्यात जास्त. त्यामुळे पाळी चार दिवस जरी पुढे गेली तरी घरी टेस्ट करायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ते हेपारिनवर आणतात. स्वतःच्या मनाने नुसती वॉरफरिन बंद करून बसायचं नाही, मधले दिवस उघडे राहतात आणि गुठळी तेवढीच वाट बघत असते. आत्ता तर लगेच प्लॅन करूच नका, आजार निदान सहा महिने शांत राहू द्या असं मला सांगितलं होतं. तोपर्यंत इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या अजिबात नकोत, कुणी मैत्रिणीने सांगितल्या तरी. एचसीक्यू मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात, ती थांबवू नका.

गुलवेल नको. मामांचं प्रेम आहे, मला कळतं, माझी आत्याही आणायची. पण गुलवेल प्रतिकारशक्तीला चेतवते म्हणूनच देतात ना, आणि इथे प्रतिकारशक्तीच घरच्यांवर उठलेली आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुलवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते, आणि ती इजा ऑटोइम्यून प्रकारची (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्यासारखी) दिसत होती. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत हा धोका कशाला घ्यायचा.

---

नळी_आणि_नमुना

मी पॅथॉलॉजीत आहे, गोठण्याच्या टेस्ट रोज करतो. पातळ की घट्ट याचं उत्तर देतो, थोडं लांबेल, पण बहिणीच्या सासरेबुवांना समजावायला उपयोगी पडेल.

एपीटीटी म्हणजे काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत रक्ताचं पाणी (प्लाझ्मा) घ्यायचं, त्यात आपण बाहेरून फॉस्फोलिपिड नावाचा स्निग्ध पदार्थ घालतो, कॅल्शियम घालतो आणि जाळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतो. गोठण्याच्या साखळीतले घटक त्या स्निग्ध पृष्ठभागावर बसून काम करतात. आता तुमच्या बहिणीच्या रक्तातल्या अँटीबॉडीज काय करतात, तर त्या फॉस्फोलिपिडवर स्वतःच जाऊन चिकटतात, जागाच अडवून ठेवतात. घटकांना बसायला जागा नाही, म्हणून वेळ लागतो, म्हणून ३० च्या जागी ५८. हे सगळं नळीत. शरीरात नळी नाही. तिथे त्याच अँटीबॉडीज बीटा टू ग्लायकोप्रोटीन नावाच्या प्रथिनाला धरून रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला आणि प्लेटलेटला चिथावतात आणि गुठळी धरते. म्हणजे नळीत उशीर, शरीरात घाई. रक्त ‘पातळ’ नव्हतंच. प्लेटलेट ९२ हजार हेही गुठळीपासूनचं संरक्षण नाही, याच आजारात प्लेटलेट कमी होतात.

घोळ नावातच आहे. १९५२ मध्ये लुपसच्या रुग्णांमध्ये हा प्रकार पहिल्यांदा सापडला, नळीत रक्त उशिरा गोठलं म्हणून १९७२ मध्ये ‘लुपस अँटीकोॲग्युलंट’ नाव पडलं, म्हणजे गोठू न देणारं. ते गोठवणारं निघालं. आणि हे असणाऱ्या बऱ्याच जणांना लुपस नसतोच! १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी गुठळ्या, गर्भपात आणि या अँटीबॉडीज यांची सांगड घातली, म्हणून जुन्या पुस्तकांत ह्यूज सिंड्रोमही लिहिलेलं सापडेल. पण चुकीचं नाव काही गेलं नाही आणि आजही ऑपरेशनच्या आधी एपीटीटी वाढलेला दिसला की पेशंटला प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या जातात. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण त्या वेळी एक साधी मिक्सिंग टेस्ट केली तर दिशा कळते. पेशंटचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा अर्धा अर्धा मिसळायचा. एखादा घटक कमी असेल तर दुसऱ्याकडून भरून निघतो आणि वेळ नॉर्मलला येतो. अडवणारी अँटीबॉडी असेल तर मिसळूनही वेळ लांबच राहतो.

पुढची टेस्ट डीआरव्हीव्हीटी. यातला आरव्ही म्हणजे रसेल्स व्हायपर, आपली घोणस. घोणस चावल्यावर रक्त गोठायचं बंद होतं हे आपल्याकडे शेतात काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं, ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाच्या पेशंटचं रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून बघतात ते त्यासाठीच. ते विष साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट पेटवतं, इतकं पेटवतं की शरीरातले घटक वापरून संपतात. लॅबमध्ये तेच विष खूप विरळ करून वापरतो. वेळ लांबला तर फॉस्फोलिपिड जास्त घालून परत मोजायचं, अँटीबॉडीला पुरून उरेल इतकं. आता वेळ कमी झाला तर लुपस अँटीकोॲग्युलंट आहे असं म्हणतो.

आता तुमच्या कामाचं. बहिणीची ही टेस्ट रिव्हारोक्साबान चालू असताना झाली ना? ती गोळी दहाव्या घटकालाच दाबते त्यामुळे डीआरव्हीव्हीटी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. घाबरू नका, कार्डिओलिपिन आणि बीटा टू या दोन टेस्टवर गोळीचा परिणाम होत नाही, त्या खऱ्याच धरायच्या. शिवाय औषधाच्या आधीचा ५८ तुमच्याकडे कागदावर आहे, तो कागद सोन्यासारखा जपा. १२ आठवड्यांनी परत करायचं कारण असं की ताप, इन्फेक्शन यांनंतरही या अँटीबॉडीज तात्पुरत्या येऊन जातात, टिकल्या तरच आजार म्हणायचं. नमुना देताना निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली आहे ना बघा, अर्धवट भरली तर एपीटीटी उगाच वाढलेला दिसतो. प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेट काढून टाकावे लागतात नाहीतर त्यांच्यातलं फॉस्फोलिपिडच टेस्ट बिघडवतं. कोणती गोळी चालू आहे ते फॉर्मवर लिहा, आणि टेस्टसाठी म्हणून गोळी स्वतः बंद करू नका. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, गोठण्याच्या विकारांवर तिथे बरीच वर्षं काम चालतं, गुंता वाढला तर डॉक्टरांकडून तिथे विचारून घ्या.

आणि ते व्हीडीआरएल. त्या टेस्टमध्ये जो पदार्थ वापरतात त्यात कार्डिओलिपिन असतं. तेच कार्डिओलिपिन ज्याच्या अँटीबॉडीज तिच्या अंगात ८६ आहेत. रिॲक्टिव्ह आलं यात नवल नाही! टीपीएचए निगेटिव्ह म्हणजे तिला तो गुप्तरोग नव्हता, कधीच नव्हता. उलट तो रिपोर्ट म्हणजे या आजाराची पहिली खूण होती, कुणीतरी तेव्हाच ओळखायला हवी होती.

---

कृष्णाकाठ

सर, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. काय बोलू. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

फक्त एक, मग रिव्हारोक्साबान का बदलली? ती चालू असताना रक्त तपासायलाही लागत नव्हतं, आता दर आठवड्याला आयएनआरसाठी कराडला जावं लागतं, एसटीची वाट बघण्यातच अर्धा दिवस जातो.

---

डॉ_सांधेदुखी

मॅडमनी योग्य केलंय. इटलीत याच प्रश्नावर अभ्यास झाला होता, तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह असलेले १२० रुग्ण, काहींना रिव्हारोक्साबान काहींना वॉरफरिन. तो मधेच थांबवावा लागला. रिव्हारोक्साबानवाल्यांपैकी सात जणांना पक्षाघात किंवा हार्ट ॲटॅक आला, वॉरफरिनवाल्यांत एकालाही नाही. २०१८ मध्ये छापून आलं ते. तेव्हापासून ट्रिपल पॉझिटिव्हला वॉरफरिनच (किंवा आपल्याकडे चालणारी ॲसिट्रॉम), आयएनआर दोन ते तीनमध्ये. एकदा डोस बसला की दर आठवड्याला जावं लागणार नाही. बोटाला टोचून आयएनआर दाखवणारं मशीन मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, या अँटीबॉडीज त्यातही ढवळाढवळ करतात. मेथी-पालक बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण सारखी खायची. अंग दुखलं म्हणून दुकानातून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम घ्यायची नाही. कुठलंही अँटीबायोटिक सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर.

लुपस आहे का याबद्दल : एएनए पॉझिटिव्ह म्हणजे लुपस नव्हे. निरोगी बायकांतही सापडतो, नुसत्या एपीएसमध्येही. २०१९ चे निकष असे की एएनए निदान १:८० हवा, मग लक्षणांना गुण आणि एकूण १० हवेत. तुमच्या माहितीवरून प्लेटलेट एक लाखाखाली याचे ४ आणि या अँटीबॉडीजचे २, झाले ६. निकष अभ्यासासाठी केलेले असतात, पेशंट निकषात मावतोच असं नाही, पण कुठे उभे आहोत ते कळतं. म्हणून विचारतो, तिला सकाळी हाताचे सांधे आखडतात का, किती वेळ? तोंडात फोड, उन्हात गेल्यावर गालांवर लाली, केस गळणं? डीएसडीएनए, सी३, सी४ (लुपससाठीच्या रक्ततपासण्या) आणि लघवीतलं प्रोटीन केलंय का?

---

कृष्णाकाठ

तिला फोन करून विचारलं. डॉक्टर, ती म्हणाली सकाळी बोटं मिटतच नाहीत. डब्यासाठी कणीक मळायची असते सहा वाजता, मळता येत नाही, म्हणून पाच वाजता उठून गरम पाण्यात हात घालून बसते, सात साडेसातपर्यंत मोकळी होतात. वर्षभर चाललंय. गर्भपातानंतरचा अशक्तपणा समजून कुणाला बोललीच नाही, पुण्याच्या मॅडमनाही नाही सांगितलं. केसही खूप गळतात. डीएसडीएनए पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. लघवीची साधी तपासणी झालीय, त्यात अल्ब्युमिन ‘ट्रेस’ लिहिलंय. याला काही अर्थ आहे का?

---

डॉ_सांधेदुखी

हे मॅडमना फोन करून आजच सांगा, पुढच्या तारखेची वाट नको. तासापेक्षा जास्त आखडणं, वर्षभर, आणि हाताचे बरेच सांधे, हे निकषात एकट्याचेच ६ गुण आहेत. आणि लघवीचं प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करून घ्या. ट्रेसवर थांबू नका.

---

बाबा_लेकीचे

ट्रेस शब्द वाचला म्हणून लिहितोय. माझ्या मुलीला १९व्या वर्षी लुपस निघाला. आमच्याकडेही आधी ‘ट्रेस’ होतं, सगळे म्हणाले काही नाही, पाणी पी. तिने दोनदा सांगितलं होतं की लघवीला साबणासारखा फेस येतो, तो फ्लश केला तरी जात नाही. सकाळी पापण्या सुजलेल्या असायच्या, आम्हाला वाटायचं रात्री अभ्यास करते. किडनी दुखत नाही हो. मुतखडा दुखतो, लुपसची किडनी गुपचूप जाते. चोवीस तासांत अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन जायला लागलं की बायोप्सीचा विचार करतात, आमचं तीन ग्रॅम होतं. बायोप्सीत क्लास चार. कंबरेत सुई म्हणून आम्हीच जास्त घाबरलो, ती दुसऱ्या दिवशी घरी होती.

स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेट दिलं. चेहरा गोल झाला, मुरुमं आली, कॉलेजला जायला नको म्हणायची. पण स्टिरॉइड सोडायचं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनीच, एकदम कधीच नाही. हळूहळू पाच मिलिग्रॅमवर आलं आणि आता बंद आहे. एचसीक्यू चालूच आहे, वजनाच्या किलोला पाच मिलिग्रॅमच्या आत. डोळ्यांची तपासणी सुरुवातीला एकदा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. लोक म्हणतात ती गोळी डोळे घालवते म्हणून मधेच सोडतात. आमच्याच ओपीडीत एक मुलगी होती, शेजारणीचं ऐकून सोडली, चार महिन्यांत परत ॲडमिट. मला आजही तिचा चेहरा आठवतो.

दादा, तुमच्या बहिणीला पुढे मूल हवंय म्हणून सांगून ठेवतो, मायकोफेनोलेट गरोदरपणात चालत नाही. किडनीचं काही निघालंच तर ‘मला मूल हवंय’ हे डॉक्टरांना पहिल्या भेटीत सांगू दे, ॲझाथायोप्रिनसारखी चालणारी औषधं आहेत, वेळेत बदलता येतात. आणि रो, ला नावाच्या अँटीबॉडीज आधीच तपासून ठेवा, त्या असतील तर बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून साधारण सोळाव्या आठवड्यापासून बाळाचं इको करत राहतात.

---

कृष्णाकाठ

रेशो आला, ०.३. मॅडम म्हणाल्या बायोप्सी आत्ता नको, महिन्याने परत बघू. डीएसडीएनए पॉझिटिव्ह आलं, सी३ कमी. म्हणजे लुपसही आहेच. वाईट वाटलं पण नाव तरी मिळालं. बाबा, सुमेधाताई, दोन्ही डॉक्टर, सगळ्यांचे आभार कसे मानू. माझ्या फोनवरून तिलाच लिहायला देतो.

---

कृष्णाकाठ

मी बहीण. सगळं वाचलं, काही काही दोनदा. काल जेवणं झाल्यावर सासूबाईंना समोर बसवून तो व्हीडीआरएलचा भाग मोठ्याने वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, बराच वेळ बसून होत्या. आज सकाळी सहा वाजता उठले तर कणीक मळून झाकून ठेवलेली होती.

सुमेधाताई, एक विचारायचं होतं, दादाला विचारता येत नाही. गोळी सुरू झाल्यापासून पाळी खूपच जाते, दोन तासांत पॅड बदलावं लागतं. मेडिकलवाला रक्त थांबायच्या गोळ्या देतो म्हणाला. आणि पुढच्या महिन्यात घरी गौरी-गणपती आहेत, पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का?

---

सुमेधा

अगं, दोन्ही नको, खरंच नको. रक्त थांबायची जी गोळी मेडिकलवाले देतात ती बहुतेक ट्रॅनेक्सामिक ॲसिडची, ती गुठळी विरघळू देत नाही, आणि तुझ्या पायात आत्ताच गुठळी आहे. पाळी पुढे ढकलायची गोळीही गुठळी झालेल्या बाईने घ्यायची नसते. आजच्या आज आयएनआर करून घे, तीनच्या वर गेला असेल तर म्हणूनही जास्त जात असेल, सोबत हिमोग्लोबिनही बघ. चक्कर आली किंवा तासाला पॅड भिजायला लागलं तर सरळ दवाखान्यात जा, रात्र असली तरी. गायनॅकला विचार, हार्मोनची कॉइल वगैरे उपाय आहेत आपल्यासारख्यांसाठी, मी दोन वर्षं वापरली.

गौरी जावेला आणू देत या वर्षी. तू नैवेद्याचं ताट बघायला खुर्ची घेऊन बस, पाय वर करून.

मेसेजमध्ये माझा नंबर पाठवलाय. आयएनआर आला की सांग, कितीही वाजलेले असू देत.